डाव चांदीचा!

मागे ‘९०’ असं लिहिलंय म्हणजे नव्वद टक्के चांदी? चुकताय! जुनी जर्मन चांदी ओळखायची कशी, हे आमच्या प्रतिनिधीने स्वतःचे चाळीस युरो घालवून शिकून घेतलं...

नव्वद म्हणजे नव्वद टक्के, एवढं गणित मला येतं असा माझा समज होता.

सप्टेंबर २०२३ मधला बर्लिनचा एक रविवार. मैत्रिणीच्या घराजवळच्या एका छोट्याशा जुन्या बाजारात, फुटक्या बश्या आणि जुन्या कॅमेऱ्यांच्या मध्ये, मासे वाढायचा एक लांबट कालथा पडला होता. नाजूक नक्षी, थोडा काळपटलेला, अगदी ‘मला उचल’ म्हणणारा. उलटा करून पाहिला तर मागे ठसठशीत ‘९०’. मी मैत्रिणीचा हात दाबला. ‘‘नव्वद टक्के चांदी, चाळीस युरो! ह्याला कळलेलं दिसत नाहीये.’’

कळलं नव्हतं ते मला. विकणारा बिचारा ‘चांदी’ असा शब्दही बोलला नव्हता. मीच साडेतीन हजार रुपये त्याच्या हातात ठेवून, चोरी पचल्यासारखी घाईघाईने तिथून सटकले.

दुसऱ्या दिवशी मैत्रिणीच्या गल्लीतल्या एका सोनारीणबाईंकडे गेले. साठीच्या, पांढरे केस बारीक कापलेले, डोळ्याला भिंग. कालथा हातात घेऊन त्यांनी फक्त दोन सेकंद पाहिला आणि हसल्या. ‘‘छान आहे. माशाला वापर. चांदी नाहीये पण.’’

आता, तुम्ही म्हणाल, चाळीस युरोंचं काय एवढं? ‘ट्रिपचा किस्सा’ म्हणून सोडून द्यायचं! पण मी चांदी शोधत होते त्याला कारण होतं. डोंबिवलीच्या माझ्या मावशीच्या लग्नाला त्या डिसेंबरात पंचवीस वर्षं होत होती. रौप्यमहोत्सव. आणि २०१६ मध्ये माझ्या मास कॉमच्या फीला पैसे कमी पडले तेव्हा ह्याच मावशीने लग्नातलं चांदीचं ताट, वाटी आणि तांब्या-भांडं मोडीत काढलं होतं. मी तिच्याबरोबर सराफाकडे गेले होते. ताटाच्या काठावर आजोबांनी तिचं नाव आणि लग्नाची तारीख कोरून घेतली होती. सराफाने ताट काट्यावर ठेवलं, आकडा लिहिला, ताट मागच्या खोलीत गेलं. पाच मिनिटांचं काम.

तर मला चांदीच हवी होती. खरी. वाढायचीच वस्तू हवी होती. आणि ह्यावेळी गाढवपणा नको होता.

जर्मन सिल्व्हर की जर्मनीची चांदी?

आपल्याकडे हा घोळ पहिल्यापासूनच आहे. माझी आजी अॅल्युमिनियमच्या पातेल्याला ‘जर्मल’ म्हणायची. हळदीकुंकवाला वाण म्हणून मिळणारी चकचकीत वाटी ‘जर्मन सिल्व्हर’ची. ह्या दोन्हींत चांदी किती? शून्य!

जर्मन सिल्व्हर म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू. साधारण साठ टक्के तांबं आणि उरलेल्यात निकेल-जस्त. मूळ कल्पना चीनची. तिथला ‘पाकटाँग’ नावाचा पांढरा धातू युरोपात भलताच महाग पडायचा. म्हणून १८२३ मध्ये प्रशियातल्या उद्योग-मंडळाने चांदीसारखा दिसणारा स्वस्त धातू बनवण्यासाठी बक्षीस लावलं. सॅक्सनीतल्या एर्न्स्ट आउगुस्ट गाइटनरने ‘आर्जेंटान’ बनवलं, बर्लिनच्या हेनिगर बंधूंनी ‘नॉयझिल्बर’, म्हणजे नवी चांदी. पुढे ‘अल्पाका’ हे नाव आलं. १८४० नंतर विजेच्या साह्याने चांदीचा मुलामा चढवण्याचं तंत्र पसरलं आणि ह्या धातूला सुगीचे दिवस आले. आतून नवी चांदी, वरून खऱ्या चांदीचा पातळ थर! मुंबईच्या जुन्या क्लबांतल्या चमच्यांवर ‘ई.पी.एन.एस.’ ही अक्षरं दिसतात ना, तोच हा प्रकार.

आणि माझं ते ‘९०’? तो मुलाम्याचा आकडा निघाला. चोवीस चौरस डेसिमीटर पृष्ठभागावर, म्हणजे ढोबळमानाने एक डझन चमचे आणि एक डझन काटे यांच्यावर मिळून, ९० ग्रॅम चांदी चढवली आहे, असा त्याचा अर्थ. टक्क्यांचा इथे संबंधच नाही. ‘१००’ असेल तर शंभर ग्रॅम. म्हणजे ‘१००’ पाहून ‘शंभर नंबरी’ म्हणत नाचलात, तर तुमचंही माझ्यासारखंच होणार.

बाईंनी कालथ्याच्या पाठीवर बोट ठेवलं. टेबलाला घासणारी जी जागा असते तिथे रंग जरासा पिवळट होता. ‘‘ठसा नंतर वाच. आधी झीज बघ. मुलामा नेहमी टेकतो तिथे उडतो.’’ निघताना म्हणाल्या, ‘‘आणि दहापट मोठं दाखवणारं एक भिंग विकत घे. त्याशिवाय बाजारात जाऊ नकोस.’’

चंद्र, मुकुट आणि ८००

पुढचा सगळा आठवडा ऑफिसच्या अप्रेझलसाठीही करत नाही एवढा अभ्यास केला. त्यातला कामाचा फंडा थोडक्यात सांगते.

जर्मनी १८७१ मध्ये एक देश झाला. त्याआधी प्रत्येक शहराचा ठसा वेगळा. बर्लिनचं अस्वल, न्यूर्नबर्गचं ‘एन’, ऑग्सबर्गचं पाइनचं फळ. शुद्धता मोजायची ती ‘लोट’मध्ये. सोळा लोट म्हणजे शुद्ध चांदी. त्यामुळे जुन्या जर्मन चमच्यावर ‘१२’ दिसलं तर नाक मुरडू नका. ती सोळातली बारा, म्हणजे हजारात ७५० भाग चांदी. ‘१३’ म्हणजे ८१२.५.

मग १८८४ मध्ये साऱ्या देशासाठी एक कायदा झाला आणि १ जानेवारी १८८८ पासून तो लागू झाला. शुद्धता हजारात सांगायची. ८०० किंवा त्याहून जास्त असेल तरच चांदीच्या वस्तूवर चंद्रकोर आणि शाही मुकुट हे चिन्ह मारता येईल. शेजारी आकडा : ८००, ८३५, ९०० किंवा ९२५. आणि बनवणाऱ्याची खूण.

म्हणजे एका छोट्याशा ठशावरून दोन गोष्टी लगेच कळतात. चंद्र-मुकुट असेल तर वस्तू १८८८च्या आधीची नाही. विकणारा ‘नेपोलियनच्या काळातली’ म्हणत असेल तर गोड हसा आणि पुढे चला. आणि चंद्र-मुकुट नसून नुसताच दोन आकडी नंबर असेल, तर मुलाम्याचा संशय आधी घ्या.

एक मात्र लक्षात ठेवायला हवं. इंग्लंडमध्ये वस्तू तपासून ठसा मारणारी वेगळी अधिकृत कार्यालयं आहेत. जर्मनीत तसं नाही. हा ठसा कारखानदार स्वतःच मारतो आणि खरेपणाची कायदेशीर जबाबदारी त्याच्यावर असते. म्हणजे ठसा हा त्याने दिलेला शब्द. तो शब्द खरा का, हे आपण तपासायचं.

इंजिनवाला डाव

पुढच्या शनिवारी मी ‘श्ट्रासे देस १७. युनी’वर पोहोचले. १९५३ मध्ये पूर्व जर्मनीत झालेल्या उठावाच्या तारखेचं नाव असलेला हा भव्य रस्ता. टियरगार्टन स्टेशनला उतरलं की लगेच, शनिवार-रविवारी इथे जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. झुंबरं, फर कोट, दारांच्या मुठी, कुणाकुणाच्या लग्नाचे अल्बम... सगळं टेबलावर.

तिसऱ्या तासाला मला तो दिसला. सूप वाढायचा मोठा डाव, हातभर लांब, खोलगट. दांड्याच्या टोकाला वेलीची एकच वळणदार रेघ, म्हणजे १९००च्या आसपासची त्यांची ती ‘युगेंडश्टिल’ फॅशन. मला काय वाटलं सांगू? आमटी! मावशीच्या हातात हा डाव आणि समोर आमटीचं पातेलं.

पण ह्यावेळी मी शहाणी झाले होते. चेहरा कोरा ठेवला, भिंग काढलं. दांड्याच्या मागे आधी चंद्रकोर, मग मुकुट, मग ८००. कडा स्वच्छ, आकडा खोल. आणि त्यांच्या शेजारी एवढंसं रेल्वे इंजिन!

इंजिन ही हाइलब्रॉनच्या ‘ब्रुकमान उंड झ्योने’ची खूण. १८०५ मध्ये सुरू झालेला हा कारखाना १९७३ मध्ये बंद पडला. आयुष्यभर सहा-छप्पनची फास्ट पकडणाऱ्या डोंबिवलीच्या बाईसाठी इंजिनचा ठसा! माझा कोरा चेहरा तिथे जरासा ढळला असावा, कारण विकणारा १८० वरून १५० च्या खाली काही केल्या येईना. रुपयांत साडेतेरा हजारांच्या आसपास. दिले.

किचनमधला आर्किमिडीज

घरी येऊन पहिलं काम म्हणजे परीक्षा. मैत्रिणीने फ्रिजवरचं मॅग्नेट आणून डावाला लावलं. चिकटलं नाही. ‘‘चला, चांदी!’’ नाही हो! तांबं, पितळ, जर्मन सिल्व्हर, ह्यांनाही चुंबक चिकटत नाही. चुंबक फक्त लोखंड पकडतं, बाकी सगळे चोर सोडून देतं.

मग आठवीतलं विज्ञान बाहेर काढलं. केकसाठी वापरतात तो डिजिटल काटा घेतला. डावाचं वजन २१३ ग्रॅम, म्हणजे अठरा तोळ्यांच्या थोडं वर. आता काट्यावर पाण्याने भरलेली उंच फुलदाणी ठेवली, आकडा शून्यावर आणला आणि दोऱ्याला बांधलेला डाव पाण्यात पूर्ण बुडवून अधांतरी धरला. तळाला, काठाला टेकू द्यायचा नाही. काट्याने आकडा दाखवला २१.

हा आकडा म्हणजे डावाने बाजूला सारलेलं पाणी, म्हणजेच त्याचं आकारमान. २१३ भागिले २१, उत्तर १०.१ च्या जरा वर. शुद्ध चांदीची घनता १०.४९, आणि तांबं मिसळलेल्या ८०० चांदीची साधारण १०.१. जर्मन सिल्व्हर असतं तर काट्याने २५ च्या आसपास दाखवलं असतं. आम्ही दोघींनी किचनमध्ये एवढा आरडाओरडा केला की खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी छताला काठी ठोकली.

कालथ्याचीही तीच परीक्षा करणार होतो, पण त्याची मूठ पोकळ निघाली. अशा पोकळ मुठींत आत राळेसारखं भरण असतं, पातं वेगळ्या धातूचं असतं, त्यामुळे वजनाचा हिशेब तिथे चालत नाही.

सोमवारी डाव घेऊन पुन्हा बाईंकडे. त्यांनी दांडा आणि वाटी जिथे मिळतात तो सांधा पाहिला. दोन वेगळ्या वस्तू जोडून एक केलेली तर नाही ना, म्हणून. मग खोलगट भागावर श्वास सोडला, वाफ उडताना कुठे डागडुजीची रेघ दिसते का ते बघितलं. मी अॅसिड टेस्टचं विचारलं तर म्हणाल्या, ‘‘त्याला ओरखडा काढावा लागतो. ज्याचं उत्तर भिंगाने आणि काट्याने मिळालंय त्याच्यासाठी ओरखडा कशाला?’’

हनाऊची गंमत

‘‘पण ठसा जेवढा जुना दिसेल, तेवढी जास्त शंका घे,’’ त्या म्हणाल्या.

फ्रँकफर्टजवळचं हनाऊ हे सोनार-कारागिरांचं गाव. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात श्रीमंतांना अचानक जुन्या वळणाच्या चांदीचा सोस लागला. हनाऊच्या कारखान्यांनी त्या थाटाच्या वस्तू बनवल्या आणि त्यांच्यावर जुन्या शहरी ठशांसारखे दिसणारे आपल्या मनचे ठसेही मारले. चांदी खरी, कारागिरी अव्वल, पण ठसा कल्पनेतला! आज हे काम स्वतःच शंभर-सव्वाशे वर्षांचं आहे आणि त्यालाही चाहते आहेत. फक्त ‘सतराव्या शतकातलं ऑग्सबर्ग’ म्हणून त्याचे पैसे मोजू नयेत.

असले ठसे पारखायला जाणकार मार्क रोझेनबर्ग यांचा ‘डेर गोल्डश्मीडे मेर्कत्साइखेन’ हा ग्रंथ उघडतात. त्याची चार खंडांची तिसरी आवृत्ती १९२२ ते १९२८ मध्ये निघाली. ऑग्सबर्गसाठी हेल्मुट झेलिंग यांचे १९८० चे तीन खंड. ठसा पुस्तकातल्या चित्राशी रेघ न् रेघ जुळला पाहिजे. ‘साधारण तसाच’ चालत नाही.

खरं ऑग्सबर्ग पाहायचं तर बाईंनी क्योपेनिकच्या राजवाड्यात पाठवलं. तिथे बर्लिनच्या राजांचा चांदीचा भलामोठा सरंजाम मांडलेला आहे, सतराव्या शतकाच्या अखेरीस ऑग्सबर्गच्या बिलर बंधूंनी घडवलेला. तो टिकला हे नशीबच. बर्लिन शहरातल्या राजवाड्यातला वादकांसाठीचा चांदीचा सज्जा मात्र फ्रेडरिक द ग्रेटने १७४०च्या दशकात युद्धाच्या खर्चासाठी वितळवला. राजालाही मोड करावी लागते तर!

ही अक्षरं कुणाची?

आता ती गोष्ट, जी मी बाजारात पाहिली होती आणि पाहूनही फारशी मनावर घेतली नव्हती. डावाच्या दांड्यावर पुढच्या बाजूला दोन अक्षरं कोरलेली होती, एकमेकांत गुंतलेली : एम आणि एल.

‘‘नवरीची असतील,’’ बाई म्हणाल्या. तिकडेही मुलीला लग्नात चांदी द्यायची पद्धत होती आणि तिच्यावर अनेकदा मुलीच्या माहेरच्या नावाची आद्याक्षरं घालत. म्हणजे रुखवतच की! आपल्या घरातल्या पितळी डब्यांवर, स्टीलच्या ताटांवर नावं नसतात का?

मी सहज विचारलं, ‘‘मग ही विकली का असेल?’’

त्यांनी भिंग खाली ठेवलं. कुणी मेलं की घर रिकामं करणारे लोक येतात, सगळं खोक्यांत भरून नेतात. बहुतेक वेळा एवढंच असतं, असं त्या म्हणाल्या. ‘‘पण जर्मनीत, १९३९ च्या आधीची चांदी असेल, तर हा प्रश्न सहज म्हणून विचारायचा नसतो.’’

२१ फेब्रुवारी १९३९ रोजी नाझी सरकारने हुकूम काढला. ज्यूंनी आपल्याकडचं सोनं, चांदी, प्लॅटिनम, रत्नं सरकारी गहाणवट-पेढ्यांत जमा करायची. ठेवायला काय परवानगी? लग्नाची अंगठी, एक घड्याळ, आणि माणशी दोन जणांना पुरतील एवढे चार-चार नगांचे काटे-चमचे. बाकी सगळं काउंटरवर. बदल्यात खऱ्या किमतीच्या मानाने क्षुल्लक रक्कम. रोजच्या वापरातल्या बहुतेक चांदीची रवानगी भट्टीत झाली. काही वस्तू संग्रहालयांनी विकत घेतल्या. म्युनिकच्या बव्हेरियन नॅशनल म्युझियममध्ये अशा शंभराहून जास्त वस्तू शिल्लक होत्या. तिथले क्युरेटर मथियास वेनिगर गेल्या काही वर्षांत त्यांच्या मालकांचे वारस जगभर शोधून, बरेचदा स्वतः जाऊन, एकेक पेला आणि एकेक दीपदान परत देत आले आहेत.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मला फक्त खरी चांदी हवी होती, आणि ती खरी निघाली होती. पण ‘खरी’ म्हणजे नेमकं काय तपासलं होतं मी? ८०० हा आकडा. एम. एल. कोण, ह्याचं उत्तर भिंगात दिसत नव्हतं.

जमलं ते केलं. पुढच्या वीकेंडला विकणाऱ्याला गाठलं. त्याने वही काढून दाखवली : बर्लिनच्याच एका घरातलं सामान, म्हाताऱ्या बाई वारल्यावर नातवंडांनी दिलेलं. नाव सांगणार नाही म्हणाला, पण पावतीवर तेवढं लिहून दिलं. माग्डेबुर्गच्या संस्थेतर्फे चालवल्या जाणाऱ्या ‘लॉस्ट आर्ट’ ह्या लुटीच्या वस्तूंच्या नोंदींमध्ये डाव शोधला. नव्हता. तिथे चमचे-डाव सापडणं तसं कठीणच, कारण वितळलेल्या वस्तूला कोण शोधणार? मग ठशांचे, अक्षरांचे फोटो, वजन, पावती असं सगळं एका पाकिटात घातलं आणि डावाबरोबर ठेवलं. उद्या कुणी विचारत आलं तर दाखवता यावं म्हणून.

डोंबिवली

डिसेंबर २०२३. केक कापून झाला, पाहुणे गेले, मग मी डाव काढला. माझा बेत असा होता की एम. एल. घासून काढून तिथे मावशीचं नाव घालायचं. बाईंनी नको म्हणून सांगितलं होतं. घासलं की धातू पातळ होतो आणि किंमतही उतरते. तरी मी मावशीला विचारलं.

तिने डाव दिव्याखाली धरला. ‘‘ही कोण गं?’’

सांगितलं. माहीत होतं तेवढं सगळं, १९३९ सकट. मावशी बराच वेळ काही बोलली नाही. काकांनी उगीच टीव्हीचा आवाज कमी केला.

‘‘माझं ताट घेतलं ना त्या सराफाने, त्याने बाबांनी घातलेलं नाव वाचलंसुद्धा नसेल,’’ ती म्हणाली. ‘‘हे पुसायचं नाही हां. कुणी का असेना ती.’’

मग नेहमीच्या आवाजात, ‘‘केवढ्याला पडला?’’

मी तीन हजार कमी सांगितले. तिला ते कळलं.

डाव रोज वापरात आहे. दांडा जरा लांबच आहे, पातेल्यातून घसरून सारखा आमटीत पडतो आणि काकांना चिमटा घेऊन धावावं लागतं. आणि तो चाळीस युरोंचा, शून्य टक्के मानाचा कालथा? तोही मी मावशीलाच दिला. रविवारी तळलेली सुरमई उचलायला त्याच्यासारखं काही नाही, असं तिचं म्हणणं आहे.

बाजारात जाताय? हे लक्षात ठेवा

* दहापट भिंग खिशात हवंच. आधी टेकणाऱ्या जागांची झीज बघा, मग ठसा वाचा.
* चंद्रकोर + मुकुट + ८०० किंवा जास्त : १८८८ नंतरची जर्मन चांदी. ठसा मात्र कारखानदाराचा, सरकारचा नव्हे.
* ‘९०’, ‘१००’ : मुलामा. ‘अल्पाका’, ‘नॉयझिल्बर’, ‘आर्जेंटान’ : चांदी नाहीच.
* ‘१२’, ‘१३’ आणि सोबत शहराचा ठसा : जुनं लोट माप असू शकतं. घाई न करता जाणकाराला दाखवा.
* ठशात नाव असेल तर ते बनवणाऱ्याचंच असेल असं नाही. बरेचदा विकणाऱ्या दुकानाचंही असतं.
* भरीव वस्तूची घनता घरी मोजता येते. पोकळ मुठीची नाही.
* वितळवून किती येतील ते आधी काढा. माझ्या डावात १७० ग्रॅम शुद्ध चांदी, त्या आठवड्याच्या भावाने साधारण १२० युरोंची. वरचे तीस युरो इंजिनचे आणि त्या वेलीचे.
* डिशवॉशर नको, रोज पॉलिश नको. अंड्याने चांदी काळी पडते, लगेच धुवा.
* वस्तू कुठून आली ते विचारा आणि पावतीवर लिहून घ्या. उत्तर द्यायला विकणारा कां-कू करत असेल, तर ठसा कितीही सुंदर असो, ती वस्तू टेबलावरच राहू द्या.